बाबांची गाडी आणि कामाला आलेलं इंजिन

पडवीच्या कोपऱ्यात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली एक मोटारसायकल वर्षानुवर्षं उभी असते. तिच्यावर जुनी चादर, चादरीवर धूळ. ज्यांची गाडी ते आता नाहीत. कधीतरी मुलगा किंवा मुलगी ती ढकलत गॅरेजपर्यंत नेते. मेकॅनिक दोन-चार किक मारतो, सायलेन्सरपाशी हात धरतो आणि सांगतो, "इंजिन कामाला आलंय. खर्च करण्यापेक्षा दुसरं इंजिन टाका, परवडेल."

इथे वारसासमोर प्रश्न उभा राहतो. बाबांनी तीस वर्षं चालवलेलं इंजिन पुन्हा बांधून घ्यायचं की ते काढून दुसरं बसवायचं? अनेकांना हा फक्त पैशांचा प्रश्न वाटतो, काहींना फक्त भावनेचा. खरं तर तो आधी तपासणीचा प्रश्न आहे. चार किकांवर दिलेला निकाल हा निकाल नसतो. इंजिन उघडून, मापं घेऊन जे हाती येतं त्यावरच निर्णय घेता येतो, आणि तसा घेतला तर मेलेली म्हणून सांगितलेली बरीच इंजिनं बांधण्याजोगी निघतात.

1. इंजिन ही एक वस्तू नाही

कोकणातल्या कौलारू घराचं उदाहरण घेऊ. दर पावसाळ्याआधी घर शाकारतात, फुटलेली कौलं बदलतात, कधी एखादा वासा बदलतात. कौलं फुटली म्हणून कोणी घर पाडत नाही. जोतं खचलं, तर मात्र विचार करावा लागतो.

इंजिनातही कौलं आणि जोतं असे दोन भाग असतात. वरच्या भागात हेड, त्यातले व्हॉल्व्ह, ज्याला गॅरेजमध्ये सगळेच 'बोअर' म्हणतात तो सिलिंडर, त्यात वरखाली धावणारा पिस्टन आणि पिस्टनवरच्या रिंगा. हा भाग झिजणारच. तो झिजेल हे धरूनच बनवलेला असतो आणि त्याचे सुटे भाग स्वतंत्रपणे विकले जातात. खालच्या भागात क्रँक, तिची बेअरिंगं आणि या सगळ्यांना पोटात घेणारं ॲल्युमिनियमचं कवच, म्हणजे क्रँककेस. फक्त वरचं काम केलं की मेकॅनिक त्याला 'हाफ इंजिन' म्हणतात. क्रँककेस फोडून खालपर्यंत गेलं की 'फुल इंजिन'.

इंजिन नंबर ठोकलेला असतो तो या क्रँककेसवर. पिस्टन, बोअर, हेड, व्हॉल्व्ह, क्रँक सगळं नवं घातलं तरी कवच तेच असेल तर कायद्याच्या आणि कागदाच्या दृष्टीने इंजिन तेच राहतं. बांधणं आणि बदलणं यांतली सीमारेषा क्रँककेसवर आहे, हे एकदा लक्षात आलं की अर्धा गोंधळ मिटतो.

2. किक मारण्याची घाई

दहा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं सर्वांत मोठं नुकसान ती चालू करण्याच्या उत्साहात होतं. इंजिन बंद पडतं तेव्हा अनेकदा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्या वाटेने दमट हवा आत जाते आणि लोखंडी बोअरवर गंजाचा थर चढतो. रिंगा त्या गंजात चिकटतात. अशा वेळी जोर लावून किक मारली तर रिंग तुटते, बोअरला ओरखडे पडतात, आणि जे काम तेलाने झालं असतं ते लेथवर जातं.

आधी प्लग काढावा. त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आणि तेवढंच डिझेल सोडून गाडी एक-दोन दिवस तशीच ठेवावी. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे फिरवावं. पिस्टन हलला तर हळूच हलतो. आधी किंचित, मग थोडा जास्त.

त्यानंतर इंजिनमधलं जुनं ऑइल काढायचं. हे काम मालकाने स्वतः समोर उभं राहून बघावं. पत्र्याच्या उथळ परातीत ऑइल उतरवलं की ते काळं असणारच, त्यात काही विशेष नाही. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. मग जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक कापडात गुंडाळून त्या ऑइलमधून फिरवायचा. कापडावर बारीक करडी साय जमली तर ती वयाची झीज. खपल्या, तुकडे किंवा सुईसारखे कण लागले तर ते पोलाद आहे: बेअरिंग किंवा गिअरचं. चुंबकाला न लागणारी चंदेरी चमक परातीच्या तळाशी राहिली तर ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा खुद्द कवच. पाच मिनिटांच्या या कामातून जोत्याबद्दलची पहिली खबर मिळते.

इंजिनाला दोष देण्याआधी पेट्रोलकडेही बघायला हवं. टाकीत राहिलेलं पेट्रोल वर्षानुवर्षांत चिकट राळेसारखं होतं आणि कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतं. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं; जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. कार्बोरेटर साफ करून, नळ्या बदलून आणि प्लगला ठिणगी येते याची खात्री करूनच पुढे जावं. या टप्प्यावरच चालू होऊन मालकाला थक्क करणाऱ्या गाड्या असतात.

3. धूर, ठोका आणि चमचाभर तेल

गाडी चालू झाली तर ती स्वतःच बरंच सांगते. चारस्ट्रोक गाडीतून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सकाळी पहिल्या किकला धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची रबरी सीलं गेलीत, आणि हे छोटं काम आहे. ॲक्सिलरेटर पिळला की धूर येतच राहत असेल तर रिंगा आणि बोअरकडे बोट जातं. काळा धूर हा इंजिनाचा आजारच नव्हे. पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर बघा.

टूस्ट्रोक गाड्यांना हा नियम लावू नये. त्यांत ऑइल पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच घातलेलं असतं, त्यामुळे थोडा निळा धूर हा त्यांचा स्वभाव. मात्र पांढऱ्या धुराचे लोट थांबत नसतील आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं सील फाटून तिकडचं ऑइल आत ओढलं जात असतं. सील स्वस्त, पण त्या बाजूचं सगळं उतरवावं लागतं.

आवाजासाठी जुने मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतात आणि मूठ कानाशी धरतात. हेडवरची बारीक टिकटिक म्हणजे टॅपेटचं अंतर वाढलंय, ते पान्ह्याने जुळवता येतं. एका बाजूने येणारी खरखर टायमिंग चेनची. पण खालून, क्रँककेसमधून, गाडीवर भार आला की जड ठोका पडत असेल तर तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा असू शकतो. हा ठोका ऐकल्यावर गाडी पुढे चालवू नये.

आता चमचाभर तेलाची परीक्षा. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारतात आणि काटा किती वर जातो ते बघतात. समजा, काटा 80 वर थांबला. मग त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं आणि काटा 120 वर गेला. तेलाने रिंगा आणि बोअर यांच्यामधली फट तात्पुरती बुजवली, म्हणजे गळती तिथूनच होती. तेल घालूनही काटा 80 वरच राहिला, तर गळती व्हॉल्व्हमधून किंवा हेड गास्केटमधून आहे. इंजिन न उघडता, चमचाभर तेलावर, आजार वरच्या मजल्यावर आहे की मधल्या, ते कळतं.

4. बोअर मारणे म्हणजे नेमकं काय

हीरो होंडाची सीडी 100 ही 1985 मध्ये आलेली गाडी महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत वारशाने आलेली आहे, म्हणून तिचंच गणित करू. बोअरचा व्यास 50 मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला 49.5 मिलिमीटर. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे जवळजवळ 10 सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला 5,000 फेरे घेत असेल तर तासाला 3 लाख फेरे होतात. दोन्हींचा गुणाकार केला तर उत्तर येतं सुमारे 30 किलोमीटर. एका तासाच्या प्रवासात पिस्टनच्या रिंगा बोअरच्या भिंतीवर 30 किलोमीटर घासतात, आणि दोघांमध्ये फक्त ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. अशी तीस वर्षं काढलेला बोअर झिजला, यात त्याचा काय दोष!

झीज सगळीकडे सारखी नसते. रिंगा जिथे वळतात त्या वरच्या टोकाला ती जास्त असते, तिथे नखाला लागेल अशी कड तयार होते. पिस्टन एका बाजूला जास्त रेटत असल्यामुळे गोल बोअर लंबगोल होत जातो. म्हणून चांगला कारागीर बोअर एकाच जागी मोजत नाही. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं, अशी सहा मापं घेतो. मालकाने ती सहा मापं कागदावर लिहून मागावीत. जो मापं न घेता 'बोअर मारावाच लागेल' म्हणतो, त्याच्याकडे काम देऊ नये.

उखळ वेडंवाकडं झिजलं तर ते पुन्हा गोल कोरायचं आणि मुसळ थोडं जाड घ्यायचं. बोअर मारणं म्हणजे हेच. त्यासाठी मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन मिळतात: 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटरने जास्त. म्हणजे एका बोअरला सहसा चार आयुष्यं मिळतात. पिस्टनच्या माथ्यावर हा आकडा कोरलेला असतो. हेड उघडल्यावर माथ्यावरची काजळी पुसली आणि तिथे काहीच आकडा नसला, तर बाबांनी गाडी कधी बोअर मारायला दिलीच नव्हती, चारही आयुष्यं शिल्लक आहेत. 1.00 दिसलं तर ती संपली. तरीही मार्ग उरतो: जुनी भिंत कोरून नवी लोखंडी स्लीव्ह ठोकायची किंवा नवा बोअर-पिस्टन किट घ्यायचा.

मोठा पिस्टन घातला की गाडीची ताकद बदलते का, हे लोक हटकून विचारतात. 50 ऐवजी 51 मिलिमीटर धरून गणित केलं तर 97.2 सीसीचं इंजिन 101.1 सीसीचं होतं. फरक चार टक्क्यांचा, चालवताना जाणवेल इतका नाही.

दोन गोष्टींवर अडून बसावं. पहिली: पिस्टन आधी विकत घ्यावा आणि तो हातात घेऊन बोअरवाल्याकडे जावं. पिस्टन आणि भिंत यांच्यामधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते आणि तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोअर ठरलेल्या पिस्टनच्या मापाने कोरला नाही तर एक तर पिस्टन आत हलतो, नाहीतर तापून जाम बसतो. दुसरी गोष्ट होनिंगची. घरातलं जातं गुळगुळीत झालं की ते दळत नाही, मग पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यायचे. बोअरच्या भिंतीवरही एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम काढतात. त्या रेघांत ऑइल थांबतं. आरशासारखा चकचकीत बोअर दिसायला सुंदर, पण ऑइल धरत नाही.

नव्या गाड्यांपैकी काहींच्या बोअरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो. तिथे हा उपाय चालत नाही, सहसा बोअरच बदलावा लागतो. जुन्या लोखंडी बोअरची गाडी या बाबतीत नशीबवान.

5. जोत्याची परीक्षा

वरचा भाग उतरला की कनेक्टिंग रॉड उघडा दिसतो. तो वरच्या टोकाला नेऊन दोन बोटांत धरायचा आणि सरळ वर-खाली ओढून बघायचा. डावीकडे-उजवीकडे तो थोडा हलतो. ते चालतं, तितकी जागा ठेवलेलीच असते. पण वर-खाली ओढताना 'टक' असं जाणवलं, तर खालचं बेअरिंग गेलं. नवखे मालक नेमके इथे फसतात. बाजूची हालचाल दाखवून फुल इंजिनचं बिल होतं. ही परीक्षा स्वतःच्या बोटांनी करून घ्यावी.

क्रँकचं काम मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नव्हे. पिन प्रेसवर काढून नवा रॉड किट बसवतात, मग क्रँक दोन टोकांवर टेकवून फिरवतात आणि डायल गेजने ती किती डगमगते ते बघतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची ही गोष्ट आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या, लेथ आणि बोअरिंगच्या कामात पिढ्या गेलेल्या भागांत अशी माणसं सापडतात. सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत फेरी मारण्याची रीत जुनीच आहे.

शेवटी क्रँककेस. चेन तुटून आपटली की तिला भेग पडते. भेग आर्गन वेल्डिंगने सांधता येते. ज्या खोबणीत बेअरिंग घट्ट बसायला हवं ती खोबणच सैल झाली असेल, बेअरिंग तिच्यात फिरत असेल, तर जोतं खचलं. तिथेही स्लीव्ह बसवणारे कारागीर आहेत, पण 'दुसरं इंजिन टाकू का' हा प्रश्न या टप्प्यावर आला तर तो योग्य वेळी आला, असं म्हणता येईल.

6. गाडी कोणती, यावरही बरंच काही

सीडी 100 आणि तिच्या नंतरच्या स्प्लेंडरचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. तिचं इंजिन बांधायचं नाही म्हणायला भक्कम कारण लागेल.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या जावा आणि येझदी यांचं तसं नाही. तो कारखाना 1996 मध्ये बंद झाला. ज्या गाडीची गिअरची दांडीच फिरवून किक म्हणून वापरायची, ती गाडी आवडीने जपणारी माणसं आजही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यामुळेच सुटे भाग फिरत राहिले. 2018 मध्ये जावा हे नाव परत आलं, पण त्या गाडीचं चारस्ट्रोक, पाण्याने थंड होणारं इंजिन जुन्या टूस्ट्रोक जावाशी नावापलीकडे काही नातं सांगत नाही. इथे जुनं कवच वाचवणं हाच शहाणपणा. मूळ नंबरची जावा आणि नंबर बदललेली जावा यांच्या किमतीत फरक पडतो.

यामाहा आरएक्स 100 चं उत्पादनही 1996 मध्येच थांबलं. तिच्या टूस्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्हची यंत्रणा नाही, हलणारे भाग मोजके, त्यामुळे बांधणं सोपं. अडचण अस्सल भागांची. या गाडीची मागणी इतकी आहे की डब्यावर नाव एक आणि आत माल दुसरा असं घडतं.

बुलेट 350 चं उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं. जुन्या बिडाच्या इंजिनाचा बोअर 70 मिलिमीटर, पल्ला 90 मिलिमीटर, क्षमता 346 सीसी. त्यानंतर आलेल्या यूसीई इंजिनाचेही आकडे हेच. ते वाचून कोणालाही वाटेल, नवं इंजिन जुन्या सांगाड्यात बसवावं. पण जुन्यात गिअरबॉक्स वेगळा आणि नव्यात तो इंजिनच्याच कवचात. सांगाडा कापल्या-जोडल्याशिवाय ते बसत नाही. सीसी जुळली म्हणजे इंजिन जुळलं, असं धरून चालू नये.

7. दुसरं इंजिन टाकायचंच तर

जुन्या गाडीसाठी कंपनीचं कोरं इंजिन सहसा मिळत नाही. 'दुसरं इंजिन' म्हणजे बहुतेक वेळा भंगारात कापलेल्या गाडीचं. ते किती चाललंय, कसं चाललंय, कोणालाच माहीत नसतं. त्याहून गंभीर गोष्ट, ते चोरीच्या गाडीचंही असू शकतं. विकणाऱ्याचं बिल, ज्या गाडीचं इंजिन आहे तिची कागदपत्रं आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर तिथून निघून यावं.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन नंबर हा त्यातलाच एक तपशील. म्हणून आधी आरटीओची परवानगी, नंतर बदल, आणि बदल झाल्यावर 14 दिवसांत त्याची नोंद. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. पॉलिसीवर एक नंबर आणि गाडीवर दुसरा असेल तर अपघातानंतर दावा अडकतो.

याच्याही आधी गाडी वारसाच्या नावावर हवी. मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला ती 3 महिने वापरता येते, आणि त्या 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. नोंदणीची मूळ 15 वर्षंही बहुधा उलटलेली असतात, मग नूतनीकरणासाठी गाडी दाखवावी लागते. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि अक्षरं उमटतात. त्या कागदाशी नोंदणी पुस्तकातला नंबर जुळला पाहिजे.

गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक बाब. 2021 च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आली. तिच्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आज स्वस्त वाटलेलं परकं इंजिन ही वाट बंद करतं.

8. हिशेब मांडताना

आकडे फक्त उदाहरणाचे घेऊ. हाफ इंजिनला 9,000 रुपये, फुल इंजिनला 18,000, जुन्या बाजारातल्या इंजिनाला 12,000. मेकॅनिक 18,000 आणि 12,000 समोर ठेवतो, म्हणून दुसरं इंजिन स्वस्त दिसतं. पण तपासणीत फक्त वरचं काम निघालं तर तुलना 9,000 आणि 12,000 ची होते. आणि त्या दुसऱ्या इंजिनाला सहा महिन्यांत हाफ इंजिन करावं लागलं, तर 12,000 चे 21,000 होतात, शिवाय आरटीओच्या खेपा. ज्या इंजिनाचा इतिहास घरात माहीत आहे, ऑइल कधी बदललं, कुठे कुठे नेलं, ते अनोळखी इंजिनापेक्षा भरवशाचं असतं.

बदलणं योग्य ठरतं ते थोड्या ठिकाणी: कवचाच्या खोबणी गेल्यात, क्रँकही गेलीय, भाग मिळत नाहीत, आणि त्याच बनावटीचं, कागदपत्रांसह खात्रीचं इंजिन समोर आहे. तेव्हाही जुनं कवच भंगारात देऊ नये. त्याच्यावर तो नंबर आहे जो बाबांच्या पुस्तकात लिहिलाय. पुढेमागे दुरुस्त करणारा हात भेटतो.

9. पहिले पाचशे किलोमीटर

बांधलेलं इंजिन चालू झालं की लगेच महामार्गावर न्यायचा मोह होतो. नव्या रिंगा आणि नव्याने टाकी लावलेला बोअर यांची अजून ओळख व्हायची असते. पहिले 500 किलोमीटर वेग एकसारखा ठेवू नये, वरच्या गिअरात रेटू नये, मागे जड माणूस घेऊन घाट चढू नये. पण अगदी दबकतही चालवू नये; रिंगांना थोडा भार मिळाला तरच त्या भिंतीशी नीट बसतात.

सुमारे 300 किलोमीटरला पहिलं ऑइल बदलावं. तीच पत्र्याची परात, तोच कापडातला चुंबक. कापडावर पुन्हा करडी साय येईल, कदाचित आधीपेक्षा जास्त, कारण होनिंगच्या रेघांची टोकं झिजून त्यात उतरलेली असतात. हजार किलोमीटरला पुन्हा परात मांडायची, चुंबक फिरवायचा आणि कापड उजेडात धरायचं. या वेळी ते जवळजवळ स्वच्छ निघालं, तर जोतं आणि कौलं दोन्ही जागेवर आहेत.